समुद्रकांठीं करावयाचें काय?

"येथें आठ दिवस राहून करावयाचें तरी काय?" हा प्रश्न कोंकणांतील एखाद्या लहानशा किनाऱ्यावरील गांवीं उतरलेल्या मंडळींच्या तोंडून पहिल्याच दिवशीं दुपारीं ऐकूं येतो. स्नान झालें, देवदर्शन झालें, जेवण झालें, माडाच्या सांवलींत घटकाभर डोळा लागला. आणि जागें होऊन घड्याळाकडे पाहावें तों अवघे तीन वाजलेले! बाजार नाहीं, नाटकगृह नाहीं, भेटावयास येणारें कोणी नाहीं. मुलें कंटाळतात. कर्ते पुरुष खिशांतील मोबाईल वारंवार काढून त्याला गति मिळत नाहीं म्हणून चरफडतात. मग दुसऱ्या दिवशीं सकाळीं मोटार काढून दहा गांवें आणि पंधरा देवळें पाहण्याचा बेत ठरतो, आणि मंडळी घरीं परततात तीं दमून. समुद्र पाहण्यास जाऊन रस्ता पाहून आलेलीं अशीं कुटुंबें आमच्या पाहण्यांत पुष्कळ आहेत.

दोष गांवाचा नव्हे आणि मंडळींचाही नव्हे. शहरांतील वेळापत्रक आपण बरोबर घेऊन जातों आणि तें तेथें लागू पडत नाहीं, एवढीच गोष्ट आहे. समुद्रकांठच्या गांवाला स्वतःचें वेळापत्रक असतें. तें घड्याळावर चालत नाहीं, चंद्रावर चालतें. तें एकदां ध्यानांत आलें म्हणजे दिवस आपोआप भरूं लागतो, आणि आठांचे दहा दिवस कां केले नाहींत, असें वाटूं लागतें. आम्ही जें पुढें लिहीत आहों तें मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतील अंजर्लें, हर्णै व मुरुड या पट्ट्याविषयीं आहे. निवृत्तीनंतर आमचें तेथें अनेकदां जाणें झालें आहे. परंतु यांतील बराचसा भाग कोंकणच्या इतर किनाऱ्यांसही लागू पडेल.

प्रथम भरती-ओहोटीचा हिशेब. हा हिशेब येण्यास कोणत्याही यंत्राची गरज नाहीं. घरांतील पंचांग पुरतें. आपण तें मुहूर्तासाठीं आणि एकादशी-चतुर्थीसाठीं उघडतों. किनाऱ्यावरील कोळी त्याच तिथीवरून समुद्राची वेळ सांगतो. त्याचा आडाखा असा कीं, तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. अष्टमीच्या आठांची पाऊणपट सहा. म्हणून अष्टमीस सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास भरती. एकादशीस सव्वाआठ, पौर्णिमेस वा अमावास्येस सव्वाअकरा. तेथून सहा तासांहून थोड्या अधिक अवधीनें पूर्ण ओहोटी, म्हणजे कोंकणच्या बोलींतली सुकती. हा हिशेब ढोबळ आहे. अर्ध्या-पाऊण तासाची, क्वचित् तासाचीही चूक त्यांत पडते. परंतु त्याचें मूळ खरें आहे. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशीरां उगवतो, आणि भरतीही तितकीच मागें पडते. दिवसाला दोन घटिका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटें धरा, नाहीं तर कोळ्याप्रमाणें पाऊण तास धरा. फरक मोठा नाहीं. आमच्या एका नातवास हें गणित समजल्यावर तो दररोज वाळूंत काठी रोंवून आपलें उत्तर पडताळून पाहूं लागला. त्रैराशिकाशीं त्याचें इतकें सख्य शाळेंत कधीं जमलें नव्हतें!

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य व चंद्र यांचें आकर्षण एका रेषेंत पडतें. त्यामुळें त्या दिवसांत पाणी फार वर चढतें आणि फार खालीं उतरतें. हें उधाण. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास तीं आकर्षणें परस्परांस छेद देतात, आणि चढउतार निम्म्यावर येतो. हा भांग. उधाणाचा खरा जोर पौर्णिमेच्या वा अमावास्येच्या दिवशीं नसून त्यानंतर एक-दोन दिवसांनीं दिसतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

यावरून सुट्टीसाठीं कोणते दिवस निवडावे, याचें उत्तर सरळ निघतें. त्रयोदशीपासून पुढच्या पक्षाच्या द्वितीया-तृतीयेपर्यंत सकाळीं व सायंकाळीं, म्हणजे ज्या वेळीं ऊन कोंवळें असतें त्या वेळीं, समुद्र मागें हटलेला असतो. पुळण मैदानासारखी मोकळी होते आणि ओली वाळू इतकी घट्ट असते कीं सत्तरीच्या माणसासही तींतून मैलभर चालतां येतें. याउलट अष्टमीस गेलात, तर सकाळ-सायंकाळ पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलें, आणि ओहोटी भर दुपारीं बाराला, वाळू तापलेली असतांना. रेल्वेचें तिकीट काढण्यापूर्वीं रविवार-सोमवार पाहण्याऐवजीं तिथि पाहावी, असें आम्ही स्नेह्यांस नेहमीं सांगतों. ते प्रथम हंसतात, पण परत आल्यावर हंसत नाहींत.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा हिशेब केवळ मौजेचा राहत नाहीं, ती सांगतों. दरवर्षीं कोंकणच्या किनाऱ्यावर बाहेरगांवचीं तरुण मुलें बुडतात, आणि त्यांतलीं कित्येक चांगलीं पोहणारीं असतात. विहिरींत वा तलावांत पोहणें निराळें आणि समुद्रांत निराळें. लाटांबरोबर कांठाकडे आलेलें पाणी परत जाण्यासाठीं मधूनच एखादी अरुंद वाट करतें. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून ती पट्टी वरून शांत दिसते आणि नवखा मनुष्य नेमका तेथेंच उतरतो. ओढ लागली असतां कांठाच्या दिशेनें झगडूं नये. त्यांत दम तुटतो. किनाऱ्याला समांतर, आडवें पोहत त्या पट्टीच्या बाहेर पडावें आणि मग लाटांबरोबर कांठाकडे यावें. तथापि हें ज्ञान वापरण्याची वेळच येऊं न देणें बरें. ओहोटी लागली कीं पाण्यांत शिरूं नये, गुडघ्यापेक्षां खोल जाऊं नये आणि नदीच्या मुखाशीं तर मुळींच जाऊं नये, हा गांवकऱ्यांचा तिहेरी नियम आहे. अंजर्ल्यास जोग नदी समुद्रास मिळते. तेथील पाणी दिसतें संथ, परंतु ओहोटीच्या वेळीं सगळी खाडी त्या तोंडांतून बाहेर पडत असते. गांवांतील मनुष्य "येथें नको" म्हणाला, कीं वाद न घालतां मागें फिरावें. पुळणीवर मोटार नेण्याची जी खोड अलीकडे पडली आहे, तिच्याविषयीं आम्ही एवढेंच म्हणूं, कीं भरतीच्या पाण्यांत रुतलेली मोटार काढण्यास शेवटीं गांवचे बैल किंवा गांवचा ट्रॅक्टर लागतो, आणि तोंवर गाडीचें जें व्हावयाचें तें होऊन गेलेलें असतें.

दुसरी गोष्ट घरांतील स्त्रियांची. एकत्र कुटुंबाची सहल म्हणजे दहा-बारा माणसें. सकाळचा चहा, मुलांचें दूध, नाश्ता, दोन वेळचें जेवण, कोणाचा उपास, कोणाचें पथ्य. हें सर्व सांभाळणाऱ्या ज्या घरीं, त्याच बहुधा येथेंही. पुरुष फिरून येऊन पाटावर बसतात, आणि सून किंवा भावजय समुद्र पाहते ती परत जातांना, गाडीच्या खिडकींतून. आमच्या थोरल्या वहिनींनीं, आम्ही प्रथम सहकुटुंब निघण्याचा बेत केला तेव्हांच, सर्वांदेखत विचारलें होतें : "भावोजी, चूल तेथेंही आम्हींच पेटवायची, तर घरचीच काय वाईट आहे?" या प्रश्नाला उत्तर नव्हतें, म्हणून उपाय करावा लागला. अंजर्ल्यास वा मुरुडास पुष्कळ घरीं उतरण्याची व जेवण्याची घरगुती सोय होते. तेथील गृहिणी आपल्या वाडींतला नारळ वापरून स्वयंपाक करतात. कुळथाचें पिठलें, आमसुलाचें सार, फणसाची भाजी, घावन, सांगितल्यास उकडीचे मोदक. खर्च थोडा अधिक होतो. परंतु तो वाचवून स्त्रियांची सुट्टी खर्ची घालणें हा हिशेब आम्हांस कधींच पटला नाहीं. दोन्ही वेळचें जेवण त्या घरीं सांगून टाकलें, आणि वहिनी रोज सायंकाळीं ओहोटीच्या वेळीं पुळणीवर येऊन बसूं लागल्या. त्या बोलत नसत. वाळूंत पाय पसरून दोन-दोन तास पाण्याकडे पाहत असत. कसला विचार करीत असत, तें आम्हीं विचारलें नाहीं, आणि त्यांनींही सांगितलें नाहीं. चवथ्या दिवशीं मात्र, साठीला आलेल्या त्या बाईनीं लुगडें घोट्यापर्यंत उचलून धरलें आणि नातीचा हात धरून त्या पाण्यांत उतरल्या.

पहांटे, उजाडतां उजाडतां, मुलांस घेऊन ओल्या वाळूवर जावें. ओहोटीनें उघड्या पडलेल्या वाळूवर मोहरीएवढ्या ते ज्वारीएवढ्या वाळूच्या हजारों गोळ्या किरणांसारख्या पसरलेल्या दिसतील. कोणा सुगरणीनें रांगोळीचे ठिपके घातल्यासारख्या. हें काम बोटाच्या पेराहूनही लहान अशा खेकड्यांचें. ते वाळू तोंडांत घेऊन तींतील सूक्ष्म अन्न काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागें टाकतात. पुढची भरती सर्व पुसून टाकते, आणि पुढच्या ओहोटीस पुन्हां तोच उद्योग! मुलांना शंख-शिंपले वेंचूं द्यावे, परंतु प्रत्येक शंख उलटा करून पाहण्याची संवय लावावी. पुष्कळदां मूळ मालक गेलेल्या शंखांत एखादा मऊ अंगाचा खेकडा बिऱ्हाड करून असतो. हिवाळ्यांत उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी थव्यांनीं पाण्याच्या कडेला बसलेले असतात. त्यांस उडविण्यासाठीं मुलें धांवत सुटतात, तें थांबवावें. फार लांबून आलेले पाहुणे आहेत ते.

दुपार वाडींत काढावी. नारळ, पोफळी, पोफळींवर चढविलेल्या मिरवेली, मधून जायफळाचीं झाडें, आणि पाटानें खेळविलेलें पाणी. इतकी गार सांवली शहरांत पैसे देऊन मिळत नाहीं. पोफळीचा गडी एका झाडाचा शेंडा झुलवून दुसऱ्या झाडावर जातो आणि खालीं न उतरतां रांगच्या रांग उतरवितो, तें पाहण्यासारखें असतें. वाडीच्या मालकाशीं बोलणें मात्र जरा बेतानें काढावें. दिनांक ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलें, आणि आजोबा-पणजोबांनीं लावलेल्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. लाविलेली पोफळ वा माड उत्पन्न देऊं लागण्यास सहा-आठ वर्षें जातात. म्हणजे वादळानंतर लगेच लाविलेलीं झाडें कोठें आतां हाताशीं येत आहेत. एका वाडीवाल्या गृहस्थांनीं आम्हांस पडलेल्या माडांच्या जागा बोटानें दाखविल्या, आणि प्रत्येक माड कोणी व कोणत्या सालीं लाविला तें सांगितलें. सुट्टींतील एवढी एकच दुपार आम्हांस शब्दशः आठवते. अशा घरांतून आमसुलें, सुपारी, आंबापोळी, फणसपोळी विकत घ्यावी व भाव फारसा पाडूं नये.

वाचनासाठीं एखादें पुस्तक बरोबर असावें. पण तें त्या भूमीशीं संबंध असलेलें असलें तर अधिक बरें. मुरुड हें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव. त्यांचा जन्म १८५८ सालचा. बालपण या मुरुडास गेलें. त्यांचें 'आत्मवृत्त' १९१५ मध्यें प्रसिद्ध झालें. परीक्षेस बसण्यासाठीं हा मुलगा सोबत्यांसह घाट चढून पायीं सातारा गांठतो, आणि वयानें लहान दिसतो म्हणून त्यास परीक्षेस बसूं देत नाहींत, हा प्रसंग मुरुडच्याच एखाद्या ओसरीवर मुलांस वाचून दाखवावा. नंतर त्यांस मुरुडापासून साताऱ्याकडची वाट नकाशावर दाखवावी; घाटाशीं बोट आलें कीं मुलें गप्प होतात. त्याच मुलानें पुढें १९१६ मध्यें स्त्रियांचें विद्यापीठ स्थापिलें, हें मुलींस निराळें सांगावें लागत नाहीं. त्या स्वतःच विचारतात. आम्ही स्वतः रघुवंशाचा तेरावा सर्ग नेतों. शाळेंत तो पस्तीस वर्षें शिकविला, परंतु विमानांतून समुद्र दाखविणारा तो राम आम्हांस खऱ्या अर्थानें कळला, तो अंजर्ल्याच्या टेकडीवर उभें राहिल्यानंतर.

ती टेकडी म्हणजे कड्यावरच्या गणपतीची. देव उजव्या सोंडेचा. दंतकथा अशी, कीं मूळ स्थान समुद्रकांठीं होतें. पाणी चढूं लागलें तेव्हां देवानें एक पाऊल खडकावर ठेविलें आणि दुसरें टेकडीवर. वाटेंत तें पाऊल दाखवितात. चार वाजतां हळूंहळूं चढावें, दर्शन घ्यावें, आणि मागच्या अंगास येऊन बसावें. खालीं माडांची हिरवी गर्दी, तिच्या पलीकडे फेंसाची पांढरी रेघ, दक्षिणेस हर्णैचें बंदर आणि पाण्यांत बसलेला सुवर्णदुर्ग. मुलांनीं किल्ल्याची गोष्ट विचारली तर ती पुरी सांगावी. हा कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा एक आधार होता. १७५५ मध्यें तुळाजी आंग्र्यांवरील रोषामुळें पेशव्यांनीं इंग्रजांचें साहाय्य घेतलें, आणि कमोडोर जेम्स यानें हा दुर्ग घेतला. पुढच्याच वर्षीं विजयदुर्ग पडून आंग्र्यांचीं गलबतें जळालीं. आपल्या आरमाराची दोरी आपल्याच हातानें कापली गेली, हें आमचें मत आम्ही मुलांपासून लपवून ठेवीत नाहीं. पावसाळा सोडून हर्णैहून होड्या किल्ल्यास जातात. तटांतील प्रचंड चिरे जवळून पाहण्यासारखे आहेत. कांठावरचे कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे तीन किल्ले पायींच होतात.

हर्णैस एक सायंकाळ बंदरावर घालवावी. आमच्या घरीं मासा शिजत नाहीं, आणि वाचकांपैकीं पुष्कळांच्याही घरीं शिजत नसेल. तरी नाकाला पदर लावून दूर उभें राहण्याचें कारण नाहीं. होड्या येतात, मासळी उतरते, वाळूवर ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. तेथें भाव ठरविणाऱ्या कोळणींचा तोंडी हिशेब ऐकून आमच्यासारख्या जुन्या मास्तरानें मान खालीं घालावी! ज्या तिथीच्या पाऊणपटीचा आडाखा वर दिला, तो आम्हांस याच बंदरावर एका वृद्ध तांडेलानें सांगितला. जून व जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. तेव्हां हें दृश्य नसतें, आणि समुद्राजवळ जाण्याचेही ते दिवस नव्हत.

राहिली रात्र. अमावास्येच्या आसपास गेलां असाल, तर जेवणानंतर दिवे मागें टाकून पुळणीवर यावें. हिवाळ्यांतील कांहीं रात्रीं फुटणाऱ्या लाटेच्या कांठावर निळसर प्रकाश चमकून जातो. पाण्यांतील अतिसूक्ष्म जीव हालले म्हणजे प्रकाशतात, त्याचा तो खेळ. तो रोज दिसत नाहीं. दिसला तर भाग्य. फेब्रुवारींत रात्रीं नऊच्या सुमारास दक्षिणेस किनाऱ्याच्या रेषेवर, क्षितिजापासून फार उंच नव्हे असा, एक तेजस्वी तारा दिसतो, तो अगस्त्य. समुद्र प्राशन करणाऱ्या या ऋषीला समुद्राच्याच वर पाहण्यांत जी मौज आहे, ती गच्चीवरून पाहण्यांत नाहीं.

याच दिवसांत कासवांचीं पिलें बाहेर पडतात. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यांत रात्रीं वाळूवर येते, हातभर खळगा करून शंभरांच्या आसपास अंडीं घालते, वाळू सारखी करते आणि परत जाते. पिलें ती कधींच पाहत नाहीं. पूर्वीं हीं अंडीं कोल्हे, कुत्रे आणि माणसें उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें उत्तरेकडील वेळास येथें गांवकऱ्यांच्या साहाय्यानें तीं जाळीच्या कुंपणांत राखण्याचें काम सुरू केलें, आणि आतां अंजर्ल्यासही तें चालतें. हें वेळास म्हणजे नाना फडणिसांचें मूळ गांव. सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें निघतात. सकाळीं व सायंकाळीं तीं समुद्राकडे सोडतात. तळहाताहूनही लहान तें पिलूं प्रथम थबकतें, मग उजेडाच्या रोखानें चालूं लागतें. समुद्राचा उजेड हीच त्याची खूण, म्हणून मागें कोणी विजेरी वा मोबाईलचा दिवा लावला तर तें उलट फिरतें. हजारांत एखादें जगून मोठें होतें, असें म्हणतात. हा आंकडा आमच्या नातीनें ऐकला तेव्हां तिनें समोरच्या सतरा पिलांकडे पाहून, यांतलें कोणतें, असें विचारलें होतें.

जातांना कोंकण रेल्वेनें खेडास उतरून दापोलीवरून जावें. हर्णै व अंजर्लें यांच्यामधील खाडीवर आतां पूल झाला आहे, पूर्वीं तरीनें जावें लागे. सामानांत ओल्या वाळूंत चालतील अशा जुन्या चपला, मुलांसाठीं टोप्या, एक दुर्बीण, वृद्धांसाठीं घडीची खुर्ची आणि चालू सालचें पंचांग असावें. खोल्या ठरवितांना घरमालकास दोन प्रश्न आधींच विचारून ठेवावे : दोन्ही वेळचें जेवण आपण कराल ना, आणि आम्ही त्रयोदशीस येत आहों, तर त्या दिवशीं सायंकाळची सुकती किती वाजतां?